ओट

आमच्या पत्त्यात खारं पाणी एवढंच:
खारीवाव रोड, दांडिया बाजार, वडोदरा.
ती वावही मी कधी पाहिलेली नाही.
नदी आहे, नदीत मगरी आहेत.
समुद्र नाही.

तरी स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी
मी चिकटवलंय भरती-ओहोटीचं कोष्टक,
बेडी बंदराचं.
त्यावर आता हळदीची बोटं उमटलीत.
शालन विचारते, एका दिवसात होईल ना सगळं?

एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात
मी बरण्या पुसल्या.
फॉर्मलीन खाली गेलं की वरून घालायचं,
झाकणाला मेण लावायचं.
चिठ्ठ्यांवर सबनीस सरांचं तिरकं अक्षर:
पिरोटन. पिरोटन. पिरोटन.
तारामासा, समुद्रकाकडी,
मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा प्रवाळ,
सगळे चहाच्या रंगाचे.
मूळचे कुठल्या रंगाचे, हे मी सरांना
विचारलं नाही. भीती नव्हती.
सुचलंच नाही.

आता सुचतंय, निवृत्त झाल्यावर,
तर गुडघे शालनचे आणि बीपी माझं.

फोनवर हारूनभाई वाघेर सांगतो,
मागे इंजिनाचा आवाज, मधूनच कुणाला तरी शिव्या:
भरतीला निघायचं, काका,
ओटमध्ये फिरायचं, पुढच्या भरतीला परत.
मधे होडी चिखलात बसलेली असते.
कुणाला बरं वाटेनासं झालं, तरी बसलेलीच.

ओट, मी शालनला सांगतो.
तिला ऐकू येतं ओटी.
भरायची का? नारळ घेऊ? खण?
मी वनखात्याचा कागद वाचून दाखवतो:
बेटावर काही ठेवू नये.
बेटावरून काही आणू नये.
ती बराच वेळ पोळपाट पुसत राहते,
कोरडा असलेला.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली.
हा शब्द या घरात
इतका सरळ कधी आला नव्हता.

मग तिथीवरून वाद.
पौर्णिमेला पाणी लांबवर उतरतं खरं,
पण भरती भर दुपारी, म्हणजे परत येणं मध्यरात्री.
अष्टमीला वेळ सोयीची, पण पाणी आळशी.
मी कोष्टक बघतो, ती पंचांग बघते,
आणि दोघंही, आश्चर्य म्हणजे,
एकाच तारखेवर बोट ठेवतो. दशमी.
दशमीला दशम्याच नेऊ, ती म्हणते, दुधातल्या,
दोन दिवस टिकतात.
बऱ्याच दिवसांनी हसली.

अर्जात एक रकाना: भेटीचा उद्देश.
पर्यटन लिहिलं. खोडलं.
रंग पाहणे, असं लिहिलं.
साहेब हसेल म्हणून तेही खोडलं,
आणि आता त्या जागी कागद इतका पातळ झालाय
की पलीकडची सही दिसते.

रात्री दिवा घालवल्यावर तिचा आवाज:
तिथे वस्ती नाहीच?
दीपगृह आहे. माणसं नाहीत.
हारूनभाई?
तो होडीत झोपतो.
मग बारा तास आपण दोघं काय बोलायचं?

मी म्हणालो, दुपारी बारापर्यंत पाणी पुरतं उतरेल,
खडक उघडे पडतील,
पाय जपून टाकावा लागतो, जिवंत असतात ते,
बोलायला सवड मिळणार नाही.
ती काही म्हणाली नाही.
झोपली असावी.

आज पिशवी तपासली:
कॅनव्हासचे जुने बूट, दोन जोड. टोपी.
गुडघ्याची पट्टी. ग्लुकोज. माझ्या गोळ्या.
तळाशी, टॉवेलच्या घडीत,
हिरवा खण. कोरा.

टॉवेल होता तसा घातला.
यादीत पाणी सहा लिटर होतं,
ते आठ केलं.